आजोबांच्या खांद्यावरची चंद्री

आपल्यापेक्षा उंच कोणी बसलेलं देशमुखांना खपत नसे. सुभाना कुंभार चार वर्षांच्या नातीला, चंद्रीला, जत्रेला घेऊन निघाला होता. वाटेत तिच्या पायात काटा मोडून पाय सुजला, म्हणून त्याने तिला खांद्यावर बसवलं. तेवढ्यात मागून देशमुखांची पालखी आली.

"कुंभाराची पोर माझ्या डोक्यावर? उतरव तिला."

चंद्री रडायला लागली आणि सुभानाचं डोकं फिरलं.

"सरकार, माणूस दोनदाच दुसऱ्याच्या खांद्यावरून जातो. एकदा चालता येत नाही म्हणून, आणि एकदा चालणं कायमचं संपलं म्हणून. नातीचा सुजलेला पाय समोर आहे. तुमचं काय ते लोकांना सांगा."

भोयांनी हुकमाची वाट न बघता पालखी खाली टेकवली. देशमुख उतरून जत्रेच्या देवळापर्यंत चालत गेले. चंद्री वरून बघत होती.