टिटवीबाईंची शाळा आणि सात नावांची परीक्षा

मुलांनो, आधीच सांगून टाकते, या गोष्टीतली टिटवी मला भारी आवडते. त्यामुळे मी तिची बाजू घेणार, आणि घेतली तर कुणी तक्रार करायची नाही. टिटवी ओरडली की काही लोक अपशकुन झाला म्हणतात. म्हणोत बापडे! त्यांनी तिची शाळा पाहिलेली नाही.

ही शाळा होती एका मोठ्या अरण्याच्या अगदी टोकाला. तिथे झाडं संपत, नदी रुंद होई आणि काठाने नुसते गोटेच गोटे पसरलेले असत. आडोसा म्हणाल तर गवताची काडी नाही. टिटव्या झाडावर घरटं बांधत नाहीत, त्या दगडांतच अंडी घालतात आणि पिल्लंही तिथेच वाढतात. म्हणून टिटवीबाई पिल्लांना पहिल्या दिवसापासून एकच धडा देत. बाईंची हाक आली की जिथे असाल तिथे खाली बसायचं, मान जमिनीला लावायची आणि दुसरी हाक येईपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही. ऐकायला सोपं वाटतं, नाही? नाकावर मुंगी चढली असताना करून बघा! बाईंची पिल्लं ते करत, आणि वरून घिरट्या घालणाऱ्या ससाण्याला खाली फक्त दगड दिसत.

अरण्याच्या आत, दाट झाडीत, सिंहमहाराजांचा दरबार होता. तिथे शाळांचं खातं एका म्हाताऱ्या वानराकडे होतं. वानर काही वाईट नव्हता हं. मागे आतल्या तीन-चार शाळांतले मास्तर दिवसभर झोपा काढत आणि पिल्लं काहीही न शिकता बाहेर पडत. त्यातली कितीतरी पहिल्याच महिन्यात मारली गेली. वानराने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने दरबारात पोटतिडकीने सांगितलं, "महाराज, शाळांना कुणीतरी जाब विचारलाच पाहिजे." महाराजांना ते पटलं. मलाही पटतं. पोरांचे जीव मास्तरांच्या हवाली करायचे आणि नंतर काही विचारायचंच नाही, हे कसं चालेल?

चूक झाली ती पुढे. वानराने परीक्षा काढली स्वतःच्या झाडावर बसून. दाट झाडीत बिबट्या खालून येतो. वानर त्याला वरून पाहतो, जोरात ओरडतो आणि सगळी टोळी शेंड्यावर पळते. वानरांच्या कितीतरी पिढ्या त्या ओरडण्याने वाचल्या होत्या. तेव्हा परीक्षा ठरली ती अशी, की प्रत्येक पिल्लाने ताठ उभं राहायचं आणि बिबट्या, रानमांजर, अजगर, मुंगूस, कोल्हा, घोरपड, ससाणा ही सात नावं एका दमात, कानठळ्या बसतील अशा आवाजात म्हणायची. झाडावरच्यांना हीच परीक्षा, बिळातल्यांनाही हीच आणि उघड्या गोट्यांवरच्यांनाही हीच! पास झालेल्या शाळेपुढे हिरवी फांदी रोवायची, नापास शाळेपुढे वाळकी. लागोपाठ दोन वर्षं वाळकी फांदी लागली की शाळा बंद, आणि पिल्लं शेजारच्या शाळेत.

टिटवीबाईंच्या शाळेपुढे पहिल्या वर्षी वाळकी फांदी लागली. पिल्लांनी नावं म्हटली, पण पुटपुटत. जन्मापासून गप्प राहायला शिकलेली ती पोरं, ओरडणार कुठून?

शेजारच्या झुडपांत तित्तिरगुरुजींची शाळा होती. तिच्यापुढे हिरवी फांदी डुलत होती. गुरुजी मनाने चांगले, पण परीक्षा जाहीर झाल्यापासून त्यांनी बाकी सगळं शिकवणं गुंडाळून ठेवलं होतं. सकाळी सात नावं, दुपारी तीच सात नावं. झुडपात शिरून दबून कसं बसायचं, हा तित्तिरांचा मूळचा धडा. त्याला वेळच उरला नव्हता. दुसऱ्या वर्षीची परीक्षा जवळ आली तसे गुरुजी मुद्दाम टिटवीबाईंना भेटायला आले.

"बाई, हट्ट सोडा," ते म्हणाले. "पंधरा दिवस पाठांतर घ्या आणि शाळा वाचवा. परीक्षा झाली की परत खेळा तुमचं ते दगड-दगड."

"तो खेळ नाही, गुरुजी."

"नसेल. पण शाळाच बंद झाली तर शिकवणार कुणाला? तुमची नऊच्या नऊ पिल्लं माझ्याकडे येतील. आणि माझ्याकडे सध्या काय शिकवतात, ते तुम्हाला ठाऊक आहे." हे शेवटचं वाक्य गुरुजी खाली मान घालून बोलले.

बाईंनी विचार केला. शाळा गेली तर या नऊ पोरांना दबून बसायला कुणीच शिकवणार नव्हतं. त्यांनी मन घट्ट केलं आणि पाठांतर सुरू केलं. पोरं हुशार! चार दिवसांत ताठ उभी राहून अशी गरजू लागली की नदीपलीकडे ऐकू जावं. पाचव्या दिवशी डोक्यावरून एक सावली गेली. बाईंनी हाक दिली. दोन पिल्लं खाली बसली. बाकीची सात मात्र माना उंचावून, छाती काढून ओरडली, "ससाणा!" आणि शाबासकीसाठी बाईंकडे बघत राहिली.

तो कावळा होता म्हणून बरं. बाईंनी सातही माना चोचीने खाली दाबल्या. 

मग म्हणाल्या, "पोरांनो, पाठांतर आजपासून बंद."

"मग आपण नापास होऊ ना, बाई?" एका पिल्लाने विचारलं.

"होऊ. नापास होऊ आणि जिवंत राहू."

बघा, म्हणून मला ही बाई आवडते. पण नुसतं बाणेदार बोलून त्या गप्प बसल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी उडत उडत थेट दरबारात गेल्या आणि वानरापुढे उभ्या राहिल्या. "साहेब, आमच्याकडे जो ओरडतो तो मरतो. आमच्या पोरांची परीक्षा आमच्या जागेला धरून घ्या."

वानराने कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, उद्या प्रत्येक शाळा म्हणेल आमचं वेगळं. झोपाळू मास्तर तर सगळ्यात आधी म्हणतील. मग मी कुणाकुणाचं ऐकू?"

"ऐकू नका. येऊन बघा."

वानर शेवटी म्हणाला, "ठीक आहे. या वर्षी तुमच्याकडची परीक्षा मी स्वतः घेतो. पण परीक्षा तीच राहील."

परीक्षेच्या सकाळी दोन्ही शाळा नदीकाठच्या गोट्यांवर जमल्या. वानर एका मोठ्या धोंड्यावर बसला. तित्तिरगुरुजींच्या अकरा पिल्लांनी सात नावं अशी खणखणीत म्हटली की वानराने मान डोलावली. मग टिटवीबाईंची नऊ पिल्लं उभी राहिली. त्यांना चारच नावं आली, तीही कुजबुजल्यासारखी. वानराने सुस्कारा सोडला. "बाई, माझा नाइलाज आहे. वाळकी फांदी आणा रे."

तेवढ्यात बाईंनी हाक दिली.

हाक संपायच्या आत नऊ पिल्लं दिसेनाशी झाली. वानर इकडे बघतो, तिकडे बघतो, समोर नुसते गोटे. आणि मग त्याला वर आभाळात ससाणा दिसला. त्याने सवयीप्रमाणे "खॅक! खॅक!" असा आरडाओरडा केला आणि पळायला उठला. पळणार कुठे? चढायला झाडच नव्हतं. म्हातारा गोट्यांवर उतरला आणि गोंधळून तिथेच उभा राहिला.

तित्तिराच्या अकरा पिल्लांनी मात्र शिकवलं होतं तेच केलं. ती टाचा उंचावून उभी राहिली आणि एका दमात ओरडू लागली, "बिबट्या, रानमांजर, अजगर..." सातवं नाव यायच्या आत ससाणा खाली आला. एका पिल्लाची पाठ ओरबाडून, मूठभर पिसं घेऊन तो वर उठला आणि पुन्हा वळला. गुरुजी "झुडपात पळा, दबून बसा!" असं ओरडत होते, पण दबून बसणं म्हणजे काय हेच पिल्लांना ठाऊक नव्हतं.

टिटवीबाई झेपावल्या. केवढीशी ती टिटवी, केवढा तो ससाणा! तिने त्याच्या डोक्यावर झडप घातली, पुन्हा घातली, त्याच्या कानाशी असा कल्ला केला की त्याला खाली बघता येईना. तिचं एक पीस गळालं, दुसरं गळालं, पण ती मागे हटली नाही. शेवटी वैतागून ससाणा नदीपलीकडे निघून गेला. तोवर गुरुजींनी अकरा पिल्लं पंखांखाली लोटत लोटत झुडपात नेली होती. रक्ताळलेल्या पिल्लाला कवटाळून ते हुंदके देत होते.

वानराने पहिलं पाऊल टाकायला पाय उचलला.

"पाय खाली ठेवू नका, साहेब!" बाई वरूनच ओरडल्या.

वानराचा पाय तसाच अधांतरी राहिला. अरण्यातल्या सगळ्या शाळांना जाब विचारणारा तो म्हातारा, एका पायावर डुगडुगत, कुठला गोटा दगड आणि कुठला गोटा विद्यार्थी हे ओळखू न येऊन घामाघूम झाला. बाई खाली उतरल्या आणि त्यांनी दुसरी हाक दिली. एकेक गोटा उठून उभा राहिला. एक तर थेट वानराच्या उचललेल्या पायाखालून निघाला आणि अंग झटकून बाईंकडे धावला. वानराने मोजली. नऊच्या नऊ, एकालाही ओरखडा नाही! सांगताना माझी छाती अजून फुगते, तर बाईंची किती फुगली असेल विचार करा.

वानर दरबारात परतला तेव्हा त्याने काही लपवलं नाही. "महाराज, माझ्या परीक्षेने आज अकरा पिल्लं मारली असती," तो म्हणाला. "जिने ती वाचवली, तिची शाळा मी बंद करायला निघालो होतो."

"मग परीक्षा बंद करायची का?" सिंहमहाराजांनी विचारलं.

"नाही, महाराज. बदलायची. तपासनीसाने प्रत्येक शाळेत दोन दिवस राहावं. इथे पिल्लांचा जीव कशाने जातो आणि तेव्हा काय करायचं हे त्यांना येतं का, एवढंच बघावं. जिथे येत नसेल तिथे फांदी रोवून निघून येऊ नये, शिकवणारं कुणीतरी पाठवावं."

"आणि झोपाळू मास्तर?"

"ते तर आधी सापडतील. पाठांतराच्या आड लपायला त्यांना जागाच उरणार नाही."

महाराजांनी हुकूम फिरवला. टिटवीबाईंची शाळा राहिली, आणि पहिलं शिकवणारं माणूस म्हणा, पाखरू म्हणा, म्हणून बाईच गेल्या तित्तिरांच्या झुडपात. गुरुजी पिल्लांच्या रांगेत बसून पुन्हा आपलाच जुना धडा गिरवू लागले.

इथे गोष्ट संपली असती तर मीही खूश झाले असते. पण पुढच्या वर्षी वानर नव्या परीक्षेसाठी नदीकाठी आला. पहिल्या दिवशी बाईंच्या नव्या पिल्लांनी असं काही दबून दाखवलं की वा रे वा! दुसऱ्या दिवशी वरच्या डोंगरात पावसाची सर पडून गेली होती, आणि नदीचं पाणी हळूच गोट्यांत शिरू लागलं. बाईंनी घाबरून हाक दिली. पिल्लं शिकवल्याप्रमाणे खाली बसली. पाणी त्यांच्या पोटाला लागलं, मानेपर्यंत आलं, तरी एकही हललं नाही. बाईंनी दुसरी हाक दिली, तर ती नुसती उठून पाण्यातच उभी राहिली. बाईंना आणि वानराला धावत जाऊन एकेकाला वर ढकलावं लागलं.

सगळी सुकायला बसली. 

बाईच म्हणाल्या, "लिहा, साहेब. पाणी चढलं तर काय करायचं, हे माझ्या पोरांना येत नाही. मी सगळ्या संकटांना एकच धडा लावला."

"बाई, माझ्या परीक्षेशी इतकं भांडलात, आणि आता स्वतःची चूक स्वतःच लिहायला सांगता?"

"ती परीक्षा तुमच्या झाडाची होती. ही माझ्या नदीची आहे," टिटवीबाई म्हणाल्या, आणि त्यांची मान जराही खाली झाली नाही. "हिच्यात मी नापास झाले तर पोरांचा फायदाच आहे. लिहा, ठळक लिहा, आणि एका महिन्याने न सांगता या."

वानर महिन्याने न सांगता आला. बाईंनी एक नवीनच हाक दिली, आणि सगळी पिल्लं एकमेकांना ढकलत उंच काठाकडे धावत सुटली.

तात्पर्य म्हणाल तर : शाळेला जाब जरूर विचारावा, पण तिथल्या जमिनीवर उभं राहून, आणि जो मनापासून शिकवतो, त्याने खोट्या परीक्षेपुढे वाकू नये व खऱ्या परीक्षेला भिऊ नये.