गोरोबाच्या गाडीची खडखड

एका गावात एक भोळा गोरोबा होता. त्याच्याकडे त्याच्याहून जुनी एक मोटार होती. गावात दुसरी मोटार नव्हती, म्हणून लोक त्याला शहाणा म्हणत. निदान तोंडावर तरी.

भाऊ वारल्यापासून वहिनी आणि तिचा एकुलता दिगंबर गोरोबाकडेच राहत. दिगंबरचं लग्न घाटापलीकडे ठरलं. वहिनीचे गुडघे धरलेले, तिला जाणं होईना. ती एवढंच म्हणाली, "भावजी, दिवेलागणीच्या आत सून माझ्या दारात आणा. बाकी मला काही नको."

आता गाडीचं म्हणाल, तर चढ आला की ती खडखडायची. गोरोबा उस्मानमिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने समजावलं, इंजिनात ठिणगी वेळेआधी पडतेय. बाजूचा हा डबा ठिणगीची वेळ ठरवतो. खडखड झाली की तो केसभर मागे फिरवायचा. गोरोबाने मान डोलावली.

बाजारातून लग्नाचे हंडे घेऊन येताना खडखड झाली. त्याने डबा केसभर फिरवला. परत झाली, परत फिरवला. असं सात वेळा. शेवटी ठिणगी इतकी उशिरा पडू लागली की गाडी आधणासारखी उकळली आणि बसली. बैल जुंपून ती मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने डिकी उघडली, तर हंडे एकमेकांवर आपटून पोचे आलेले.

मिस्त्रीने डबा बसवून दिला आणि म्हणाला, "अरे बाबा, आधी ओझं उतरव, मग आवाज ऐक." गोरोबाने मान डोलावली. वाटेत ओढ्याशी त्याने हंडे उतरवले, आवाज ऐकला, खडखड नव्हती. खूश होऊन तो तसाच घरी आला. हंडे कुणी नेले ते ओढ्यालाच ठाऊक.

मग आनंदाच्या भरात त्याने डबा आणखी जरा फिरवून पाहिला. गाडी खोकायला लागली. मिस्त्री घरी आला, कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाला, "जागेवरून हलवून बिघडलं, तर होतं तिथं नेऊन ठेवावं. आपली अक्कल चालवू नये." हे मात्र गोरोबाला फार पटलं.

लग्न झकास लागलं. परतीला गाडीत नवरा, नवरी, करवली आणि रुखवताची पेटी. घाट लागला आणि खडखड सुरू झाली. गोरोबाने पेटी उतरवली. करवली उतरवली. दिगंबर म्हणाला, मी पण उतरतो काका, वर थांबा, चालत येतो. नवरी तेवढी राहिली. लक्ष्मीला ओझं कोण म्हणेल?

गाडी मुकाट्यानं चढू लागली. त्या शांततेत नवरीचं मुसमुसणं ऐकू आलं. गोरोबा चपापला. मांडवात तर चांगली हसत होती. मिस्त्रीचं बोलणं आठवून त्याने गाडी वळवली. उतारावर दिगंबरने हात केला, यानेही केला. परत येताना दिगंबर हात करत मागे धावला, यानेही पुन्हा हात केला. किती मायेचा पुतण्या!

दिवेलागणीच्या आत गाडी दारात उभी. वहिनी उंबऱ्यावर माप भरून वाट बघत होती.

"भावजी, सून कुठाय?"

"जागेवरून हलवली आणि रडायला लागली. होती तिथं नेऊन ठेवली. पण वहिनी, खडखड पार गेली बघा."

वहिनी मटकन उंबऱ्यातच बसली आणि तिला रडू फुटलं.

गोरोबाने गाडीचं दार उघडून धरलं.

"बसा वहिनी, टाकळीला तुमच्या माहेरी सोडतो. तशी पस्तीस वर्षं उशीरच झालाय."