चालत्या घरातला दगडी ओटा

तुम्ही कधी असं घर पाहिलंय का, जे रस्त्याने जाताना झिंगल्यासारखं डुलतं?

सुकुमार ऐतवडे यांचं घर तसं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी पंचवीस वर्षांची जुनी बस विकत घेतली आणि दोन वर्षं खपून तिचं घर केलं. आत पलंग, कपाट, मोरी, स्वयंपाकघर. पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन नवरा-बायकोने वर्षभर देश हिंडायचं ठरवलं होतं.

पहिल्याच दिवशी कराडच्या पुढे शेजारून एक टँकर गेला. वाऱ्याच्या झोताने बस डावीकडे ओढली गेली. सुकुमाररावांनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, तर ती उजवीकडे इतकी गेली की टँकरला आरसा घासला.

त्यांची पत्नी त्रिशलाबाई मागे सरकणारी भांडी धरून बसल्या होत्या. संध्याकाळी मिरजेला मुक्काम पडला, तेव्हा त्यांनी आपली पिशवी भरली.

"उद्याचा दिवस घ्या," त्या म्हणाल्या. "गाडी सरळ चालली तर ठीक. नाही तर परवा सकाळी मी एसटीने भावाकडे जतला जाते. या घरात मी पुन्हा बसायची नाही."

म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच सुकुमारराव मालगाव रस्त्यावरच्या एका जुन्या गॅरेजपुढे उभे होते.

गॅरेज दस्तगीर मेस्त्रींचं. वय ऐंशीच्या पुढे. गाडीचा पुढचा आस आणि स्टिअरिंग, याखेरीज दुसऱ्या कामाला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. सुकुमारराव तरुणपणी त्यांच्याकडे तीन वर्षं शिकले होते. मग पुण्याच्या कारखान्यात गेले, साहेब झाले. चाळीस वर्षांत इकडे फिरकले नव्हते.

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले.

"सुकुमार का?"

"होय उस्ताद."

"पोट सुटलं की रे. काय म्हणते गाडी?"

"स्टिअरिंग ऐकत नाही."

"काय काय केलंस?"

सुकुमाररावांनी खिशातून कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. किंगपिन नवे. टायरॉडचे एंड नवे. स्टिअरिंग बॉक्स खोलून घट्ट केला. टायर नवे. अलाइनमेंट तीन ठिकाणी करून घेतली...

"दोन वर्षांत एकोणीस कामं, उस्ताद. पुढचं एकही काम बाकी ठेवलं नाही."

"आणि गाडी?"

"...तशीच."

मेस्त्री उठले. त्यांनी ना पाना मागितला, ना बॅटरी. बसच्या पुढच्या चाकाजवळ वाकले आणि जमिनीपासून मडगार्डपर्यंत हाताच्या वितीने माप घेतलं. चार वीत, सहा बोटं. खडूने भिंतीवर तेवढं लिहून ठेवलं.

"चल, एक चक्कर मारून आणू."

सुकुमाररावांनी पुढचं दार उघडून धरलं. मेस्त्री मागच्या दाराने चढले. आत त्रिशलाबाई होत्या.

"उस्ताद, पुढे बसा ना. स्टिअरिंग पुढे आहे."

"मला दिसतंय. मी मागंच बसतो. सूनबाई, चहा होईल का तुमच्या घरात?"

पाच किलोमीटर जाऊन बस परत आली. बशीतला निम्मा चहा मेस्त्रींच्या सदऱ्यावर होता. सुकुमारराव ओशाळले. मेस्त्रींनी मात्र सदऱ्याकडे पाहिलंही नाही.

"ही डुलायला कुठून लागते?"

"पुढून, उस्ताद. वाऱ्याचा झोत आला की आधी..."

"तुला कोण विचारतंय, लेका? सूनबाईंना विचारतोय."

त्रिशलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे.

"मागून, चाचा. आधी इथं पाठीमागं हिसका बसतो. भांडी डावीकडे सरकतात. मग हे स्टिअरिंग फिरवतात. मग भांडी उजवीकडे. मग हे पुन्हा फिरवतात. पुढं काही होण्याआधी मला इथं कळतं."

"नवऱ्याला सांगितलंत?"

"घराच्या गल्लीतनं बाहेर पडायच्या आधी सांगितलं होतं."

"मग?"

"म्हणाले, तुला त्यातलं काय कळतंय."

सुकुमारराव खिडकीतून गॅरेजपुढच्या चिंचेकडे बघत राहिले...

मेस्त्री स्वयंपाकघराकडे वळले. स्वयंपाकघर बसच्या अगदी शेवटी होतं, मागच्या चाकांच्याही मागे. त्यांनी ओट्यावर बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिलं.

"काय हे?"

सुकुमाररावांचा चेहरा उजळला. "काळा ग्रॅनाइट, उस्ताद. आठ फूट. खाली विटांचे खांब. माझ्या हातांनी बसवलाय. घर म्हटलं की ओटा पाहिजे."

"सूनबाईंनी मागितला?"

"मागायला कशाला हवा? त्यांच्यासाठीच केला."

"मला शेगडी ठेवायपुरती फळी चालली असती," त्रिशलाबाई हळूच म्हणाल्या.

"आणि ओट्याखाली?"

"पाण्याची टाकी. पाचशे लिटर. बॅटऱ्या, जनरेटर. सगळं एका जागी, हाताशी."

मेस्त्री खाली उतरले. सुकुमाररावांनी आपली पान्यांची पेटी उघडून तयार ठेवली होती. मेस्त्रींनी तिचं झाकण लावलं आणि ते तिच्यावर बसले.

"तुझ्या बापाचा ऊस कारखान्याला जायचा ना?"

"हो. बैलगाडीने."

"गाडी कोण भरायचं?"

"मी मोळ्या द्यायचो, बाबा रचायचे."

"कधी उलाळ झाली?"

बैलगाडीत मागे जास्त भार पडला की गाडी मागे कलते, पुढचं जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. गावाकडे त्याला उलाळ म्हणतात. उसाच्या गावात वाढलेल्या पोराला हे शिकवावं लागत नाही.

"एकदा झाली," सुकुमारराव म्हणाले. "मीच मागे मोळ्या टाकल्या होत्या. जू वर गेलं, बैल नुसते खूर उचलून धडपडत होते."

"मग बापानं काय केलं? बैलांना हाणलं?"

"नाही."

"जू आणखी आवळलं?"

"...नाही."

"मग?"

सुकुमाररावांनी खाली पाहिलं. हातातल्या कागदावर एकोणीस कामं होती. एकोणीसच्या एकोणीस पुढच्या चाकांची.

"मोळ्या पुढे घेतल्या," ते म्हणाले.

मेस्त्रींनी पेटीवरून उठायचं काही नाव काढलं नाही.

"ओटा कुणी बसवला?"

"मी."

"मग काढ."

दोन वर्षांपूर्वी सुकुमाररावांनी तो दगड आरशासारखा घासला होता. आता छिन्नी लावताना त्यांचा हात थांबत होता. पहिली वीट निघाली, तेव्हा त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्या पदर खोचून विटा गोळा करायला बसल्या होत्या.

दगड बाहेर काढायला शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातले चौघे आले. त्यातला एक घामाघूम होऊन म्हणाला, "काका, बस आहे का पन्हाळगड?"

"गडावर चढाई करायला हेच निघाले होते," त्रिशलाबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. थोड्या वेळाने सुकुमाररावही हसले.

टाकी रिकामी करून पुढे आणली, ड्रायव्हरच्या सीटमागे पट्ट्यांनी आवळून बसवली आणि पुन्हा भरली. बॅटऱ्या तिच्या शेजारी. जनरेटर बसच्या पोटातल्या मधल्या खणात. मागे, ओट्याच्या जागी, सागवानाची एक फळी आणि तिच्यावर शेगडी. दुपारचे तीन वाजले. सुकुमाररावांच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते.

मेस्त्री एकदाच उठले. पुढच्या चाकाजवळ वाकून त्यांनी पुन्हा वीत टाकली.

चार वीत, चार बोटं.

गाडीचं डोकं दोन बोटं खाली आलं होतं. म्हाताऱ्याने मडगार्डवर थाप मारली, बैलाच्या खांद्यावर मारावी तशी.

"काढ हायवेला."

या वेळी ते पुढे बसले. त्रिशलाबाई मागे, आपण होऊन. पिशवी मात्र अजून भरलेलीच होती, पलंगाच्या कडेला.

हायवेला लागल्यावर आरशात एक ट्रक दिसला. उसाचा नाही, लोखंडाचा. लांबलचक, हॉर्न वाजवत येणारा. सुकुमाररावांच्या मुठी स्टिअरिंगवर आवळल्या.

"मूठ सोड."

"उस्ताद, ट्रक येतोय."

"मला डोळे आहेत. सोड."

"उस्ताद, काल असाच टँकर..."

"काल बैल हवेत होते. दोन बोटांनी धर."

सुकुमाररावांनी एकेक बोट सैल केलं. ट्रकचं तोंड शेजारी आलं, मग त्याचा बाजूचा फाळका, मग मागची चाकं. वाऱ्याचा झोत बसच्या अंगावर आदळला...

बस किंचित हलली आणि आपली आपण सरळ झाली.

त्यांनी स्टिअरिंग फिरवलंच नव्हतं.

"अहो!" मागून त्रिशलाबाई ओरडल्या. "गेला! ट्रक गेला!"

साठी उलटलेल्या सुकुमाररावांनी मोकळ्या रस्त्यावर काही कारण नसताना हॉर्न वाजवला. एकदा, दोनदा, तीनदा. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लहान पोरासारखे हसत होते. त्रिशलाबाई सीटच्या पाठी धरत धरत पुढे आल्या.

"आता तुम्ही त्याच्या शेजारून काढा की," त्या म्हणाल्या. "बघू तरी."

त्यांनी काढली. ट्रकवाल्याने खिडकीतून हात हलवला. बस दोरी धरून आखल्यासारखी सरळ गेली.

परत आल्यावर सुकुमारराव मागे वळून बायकोपुढे उभे राहिले.

"काल गल्लीत तू सांगत होतीस ते..."

"हं."

"ऐकायला हवं होतं."

त्रिशलाबाईंनी त्यांचे फोड आलेले तळहात धरून पाहिले आणि तेलाची बाटली शोधायला आत गेल्या.

गॅरेजपुढे चिंचेखाली तो काळा दगड विटांवर आडवा टाकलेला होता. मेस्त्री त्याच्यावर ऐसपैस बसले होते.

"हा काही मी परत देत नाही," ते म्हणाले. "बुडाला गार लागतो."

सुकुमारराव वाकले. म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तसेच राहिले.

"उस्ताद, चाळीस वर्षं मला वाटत होतं, इथलं शिकून झालं. आता मोठ्या वाटेला लागतोय. काहीतरी सांगा."

मेस्त्रींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"पुढं बघून चालव, लेका. मागं विचारून चालव."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दोघे निघाले. त्रिशलाबाईंना मागच्या पलंगावर झोप लागली, ती विजापूरच्या वेशीपर्यंत मोडली नाही.