रेवंताची थैली आणि काळं पाणी

सकाळचे साडेसहा. गावाबाहेरचं तळं. पाण्यावर मेलेले रोहू तरंगत होते.

रात्री कालव्यातून काळं पाणी आलं होतं. रेवंता आणि तिची माय या तळ्यातल्या माशांवरच पोट भरायच्या. उरलेले मासे अंगावर लाल फोड घेऊन काठाशी धापा टाकत होते.

खालच्या तळ्याचे दशरथकाका बांधावरून ओरडले, "सडकी सरकीची ढेप खाऊ घातली असेल तुम्ही मायलेकींनी! आता तुमचं पाणी माझ्या तळ्यात झिरपते, त्याचं काय?"

"काका, पाणी कालव्यातून आलं जी!"

"गप बस, पोरी. मोठ्या गोष्टी करते!"

ते गेले. रेवंता कमळांपाशी बसून मुसमुसू लागली. तेवढ्यात एक गुलाबी कळी टुपकन उमलली आणि आतून इवलीशी परी बाहेर आली. पंख चतुराच्या पंखांसारखे, निळे-हिरवे, लखलखते. पायात दवाचे पैंजण.

"काय हवं, चिमणे?"

"माझे मासे बरे कर."

"तेवढं मला येत नाही गं," परी हळूच म्हणाली. "तुळस, गुळवेल, हळद, लसूण वाटून कोंड्यात मळून देईन. ते खाऊन माशांच्या अंगात आजाराशी लढायची ताकद येते. पण अट आहे. आजाराच्या आधी खाल्लं तरच ताकद चढते, नंतर नाही. आणि एक थैलीभरच देईन, ती एकाच तळ्याला पुरेल."

परीने सोनेरी, घमघमणारा खाऊ रेवंताच्या थैलीत भरला. रेवंताने थैलीला भोकं पाडली आणि नेहमीसारखी आपल्याच तळ्यातल्या बांबूला बांधली. मासे भोकांना ढुशा देऊन खातात, तेव्हा बांबू डुलतो.

ती वाट बघत राहिली. बांबू हललाच नाही. आजारी माशांनी तोंडही उघडलं नाही.

रेवंताने डोळे पुसले, थैली सोडली आणि खालच्या तळ्याकडे निघाली.

"काय टाकतेस गं?" काका धावत आले.

"खाऊ आहे, काका. तुमचे अजून खातात."

तिने काकांच्या तळ्यातल्या बांबूला थैली बांधली आणि ती पाण्यात जाताच बांबू थुईथुई नाचू लागला.

काळं पाणी झिरपत तिथंही पोचलं. थोडे मासे गेले. बाकीचे चंदेरी शेपट्या हलवत तगले.

पावसाळ्यात रेवंताचं रिकामं तळं नव्या पाण्यानं निवळलं, तेव्हा काका मडकं घेऊन आले. मडक्यात चमचमती, बोटभर पिल्लं वळवळत होती. "घे. तुझ्या थैलीनं वाचलेल्यांचीच आहेत," ते खाली बघत म्हणाले. "त्या दिवशी मी उगाच बोललो."

पिल्लं पाण्यात सुटली. त्या दिवसापासून माय रोजच्या कोंड्यात तुळस-गुळवेल मळू लागली, आजाराची वाट न बघता.

परी कमळावर उभी होती. "माझी पानं ताकद देतात, रेवंता. काळं पाणी थांबवत नाहीत. ते माणसांनीच थांबवायचं." एवढं बोलून ती सोनेरी उजेडात विरून गेली.

कालव्याच्या दाराला कुलूप असतं. त्या रात्री ते कोणी उघडलं, हे अजून कोणीही सांगितलेलं नाही.