आगातीचा गोळा

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, म्हाताऱ्यांच्याही म्हाताऱ्या सांगत आल्या ती. खाडीकाठच्या ओहळपाड्यात, जिथं घरापुढं क्रूस आणि घरामागं केळी, तिथं आगात नावाची बाई राहायची. लग्न असो की सण, तेलात टम्म फुगणारे पिठाचे फुगे खावेत ते आगातीच्याच हातचे. मग धाकट्या दिराची बायको होऊन उर्सुल शेजारच्या घरात आली. तिचे फुगे आगातीपेक्षा हलके. झालं! लोक आगातीच्या दारात येऊन विचारू लागले, "उर्सुल हाय का घरात?"

आगातीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. असं म्हणतात, त्या वर्षांत तिच्या चुलीला लाकडंच लागली नाहीत. ती स्वतःच पुरेशी जळत होती.

पुढं उर्सुलच्या मुलीचं लग्न ठरलं. आदल्या दिवशी सगळा पाडा देवळात मिस्साला गेला, तेव्हा आगात मागं राहिली. जावेच्या, पीठ फुगवायच्या खमिराच्या हंडीत तिनं मूठभर मीठ टाकलं आणि वर कढत पाणी ओतलं.

पीठ फुगलंच नाही. मांडवात चपटे फुगे वाढले गेले, व्याह्यांनी नाकं मुरडली, नवरी रडत सासरी गेली. उर्सुल एवढंच म्हणाली, "माजाच हात चुकला असल."

आता आगातीला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. असं म्हणतात, त्या दिवसापासून तिचंही पीठ फुगेना. देवळात सगळे कोमुनियनची पवित्र भाकर घ्यायला उठायचे, ही मागच्या बाकाला खिळून बसायची. शेवटी उपासाच्या दिवसांत ती पाद्र्यापुढं गुडघे टेकून सगळं बोलली.

पाद्री म्हणाले, "देवानं तुला माफ केलं, आगात. आता उर्सुलकडं जा."

ती गेली, पण चोरून! दूरच्या गावाहून ताजं खमीर आणून तिनं गुपचूप जावेच्या हंडीत घातलं. तोंडानं बोलायला लागू नये, एवढंच तिला हवं होतं. ते खमीरही मेलं.

मग पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणाआधी बाया उर्सुलच्या अंगणात पीठ मळत असताना आगात सगळ्यांपुढं उभी राहिली.

"उर्सुल, तुज्या लेकीच्या लग्नात मीठ मी घातलं. मला तुजं चांगलं बघवत नव्हतं. आजबी बघवत नाय. माप कर मला."

उर्सुलचे हात काठवटीत थांबले. "हंडी मी चाखली व्हती, आगातबाय. मिस्साला तूच तेवडी नव्हतीस. मला तवाच कळलं."

"मंग बोलली का नायस?"

"तुजी वाट बघत व्हते. रागानं बघत व्हते, पण बघत व्हते. ये, हात घाल."

दोघी जावांनी एकाच काठवटीत पीठ मळलं. असं म्हणतात, ते काठवटीबाहेर आलं, अंगणभर झालं, क्रूसाच्या चौथऱ्याला जाऊन टेकलं. अख्खा पाडा जेवला, तरी उरलं. लेकीच्या सासरी टोपली गेली, ती व्याह्यांनी रिकामी करून परत धाडली.

पण मत्सर काही एका दिवसात मरत नाही. आगातीला पुन्हा पुन्हा पोटशूळ उठायचा. उठला की ती फुगलेल्या पिठाचा गोळा घेऊन जावेकडं जायची आणि तिच्या हातात ठेवायची. उर्सुल काय ते समजायची.

ओहळपाड्यात आजही पास्काआधी, जिला ज्या घराचा हेवा वाटतो, ती त्या घरी आगातीचा गोळा नेते. घेणारीनं का ते विचारायचं नाही, मुकाट्यानं आपल्या पिठात मळायचा. आणि जिच्या दारी एकही गोळा येत नाही, ती दुसऱ्यांचे गोळे बघत उंबऱ्यात जळत उभी असते. मग पाड्यातली सगळ्यात म्हातारी बाई तिच्या हातात एक गोळा ठेवते आणि म्हणते, "जा बाय, आता तुजी पाळी."