पडलेल्या पेरूंची भिक्षा

नदीकाठच्या पाटोळी गावी शेवंतनाथ महाराजांचा मुक्काम होता, त्या वर्षीची ही हकीकत भक्तांनी शांत चित्ताने ऐकावी. महाराज खंडोबाच्या देवळाच्या ओवरीत राहत. समोर त्यांची धुनी जळत असे.

जवळच तानूबाईची पेरूची बाग होती. नवरा गेल्यावर तिने ती शेणखतावर वाढवली, झाडांच्या ओळींमध्ये वांगी आणि मेथी लावली. विषारी औषध मारायचे नाही हा तिचा नेम. पण दोन वर्षे फळांत अळ्या पडत होत्या. जमीन धाकटे दीर हैबतराव यांच्या नावावर होती. बांधापलीकडे त्यांची स्वतःची बाग होती आणि तिथे सतत फवारणी चाले. त्यांनी बजावले, "वहिनी, यंदा फळ किडकं निघालं तर झाडं तोडून ऊस लावणार."

तानूबाई निवडक पेरूंची टोपली घेऊन महाराजांकडे गेली. महाराजांनी टोपलीला हातही लावला नाही. म्हणाले, "बाई, झाडाखाली पडलेत ते आण."

"महाराज, ते किडलेत."

"तेच हवेत. रोज आण."

ती गोंधळली. सेवेत काय उणे राहिले, तिला कळेना. तरी रोज सकाळी ती सडके पेरू वेचून आणू लागली, आणि महाराज ते धुनीत टाकू लागले. पवित्र धुनीत किडकी फळे! गाव कुजबुजू लागले. चावडीवर हैबतराव म्हणाले, "आमच्या वहिनीच्या महाराजांना अळ्यांचा नैवेद्य लागतो. उद्या गोचिडं मागतील."

तिने एकदा कारण विचारले. महाराज एवढेच म्हणाले, "आज विहिरीकडचे राहिले वाटतं."

चंपाषष्ठीला हैबतराव देवळात आले. वहिनीच्या बागेतली बांधालगतची टोपलीभर फळे त्यांनी स्वतः तोडून आणली होती. शेजारी नैवेद्यासाठी आणलेले त्यांचे पेरू, मोठे आणि चकचकीत. सगळ्यांसमोर त्यांनी सुरी काढली.

पहिला पेरू स्वच्छ निघाला. दुसराही. टोपली संपली, अळी दिसली नाही. मग चिडून त्यांनी आपला एक पेरू चिरला. आत अळ्या वळवळत होत्या.

"एवढं औषध मारतो मी," ते हळू आवाजात म्हणाले.

तानूबाईही तितकीच गोंधळली होती. "महाराज, पडलेल्या फळातल्या अळीचीच पुढे माशी होते, म्हणून ती जाळली, हे आता ध्यानात आलं. पण भाऊजींच्या बागेत किडक्या फळांचा सडा पडलाय. तिकडची माशी बांध ओलांडून येणारच. मग बांधावरची फळं वाचली कशी?"

महाराजांनी धुनीत एक लाकूड सरकवले. "ते मलाही उमगलेलं नाही, बाई. मल्हारीला ठाऊक."

हैबतरावांच्या हातातली सुरी खाली आली. सगळे आपल्यालाच कळते असे मानणाऱ्या त्या माणसाने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी त्यांना खांद्याला धरून उठवले आणि तानूबाईकडे बोट दाखवले.

हैबतराव तिच्यापुढे वाकले. ती संकोचून मागे सरली.

"भाऊजी, झाडं?"

"राहू द्या," ते मान वर न करता म्हणाले.