तरंगणाऱ्या रणगाड्याची नोंद

साल नक्की आठवत नाही, आणि संवादही कदाचित मीच नंतर मनात नीटनेटका केला असेल. आमच्या सरकारी ज्ञानकोशात, अजून तयार होत असलेल्या एका रणगाड्याची नोंद घ्यायची होती. हंगामी संपादक वत्सला गुर्जर यांनी लिहिलं, ‘हा रणगाडा नदी पार करील अशी अपेक्षा आहे, चाचण्या चालू आहेत.’

प्रकल्पाचे संचालक, ब्रिगेडियर सरंजामे, तावातावाने आमच्या कचेरीत आले.

“अपेक्षा कसली, बाई? भरल्या नदीतून जातो, असं छापा. नाहीतर उद्यापासून तुम्ही घरी!”

मी प्रमुख संपादक असूनही समोरच्या फायलीत डोकं घातलं. वत्सलाबाईंनी मात्र पेन पुढे केलं.

“छापते की, साहेब. फक्त खाली सही करा. रणगाडा जात असेल, तर तुम्ही लष्करी गुपित फोडलंत. जात नसेल, तर खोटं सांगितलंत. दोन्हीतलं कुठलं, तेही लिहा.”

साहेबांनी पेन बाजूला सारलं. “असू द्या तुमची अपेक्षा,” एवढंच म्हणून ते गेले.

नऊ वर्षांनी नवी आवृत्ती उघडून मी ती नोंद पाहिली. नोंद बाईंच्याच नावावर होती. वाक्यात एकच शब्द बदलला होता: ‘चालू’च्या जागी ‘बंद’.